शहाडच्या गल्लीत ट्रेलर वळवताना

पन्नाशी उलटल्यावर मी आणि माझी धाकटी बहीण सायकल चालवायला शिकलो. लहानपणी घरात एकच सायकल होती, बाबांची, आणि तिला हात लावायची परवानगी फक्त पुसण्यापुरती होती. त्यामुळे उशिरा का होईना, पायात पेडल आल्यावर आमच्या दोघींच्या डोक्यात वारंच शिरलं. ती ठाण्यात उपवन तलावाभोवती फेऱ्या मारायची, मी डोंबिवलीत एमआयडीसीच्या रस्त्यांवर. रोज सकाळी घरी आलो की एकमेकींना फोन, आज कोण पडलं ते सांगायला. पडलेली जास्त हसायची.

मग तलावाभोवतीच्या फेऱ्या तिला पुरेनात. मुरबाडच्या पुढे तिच्या नवऱ्याच्या ओळखीतल्या एकांची शेती होती, तिथे तंबू ठोकून राहायचं आणि मोकळ्या रस्त्यावर सायकली हाणायच्या असं तिने ठरवून टाकलं. मला विचारलं नाही, कळवलं. मी तयारच होते. माझ्या नवऱ्याने गुडघा पुढे केला आणि घरी राहतो म्हणाला. आम्ही गुडघ्याची फार चौकशी केली नाही.

प्रश्न एकच होता, सायकली न्यायच्या कशा. चालवत मुरबाड गाठण्याएवढी आमची छाती नव्हती. गाडीच्या टपावर बांधायचा प्रयोग बहिणीने एकदा केला, पण तिच्या सोसायटीच्या पार्किंगचं छत बुटकं आहे हे तिला आणि छताला एकाच क्षणी कळलं. मागच्या डिकीला लटकवायचं स्टँड आणलं, तर नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले गेले. नाक्यावरच्या हवालदाराने गाडीभोवती एक शांत प्रदक्षिणा घातली आणि ही कुठली गाडी आहे ते सायकलीला विचारू का, असं म्हणाला.

तेव्हा तिच्या नवऱ्याने तोंड उघडलं. त्याचं वागळे इस्टेटमध्ये फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ग्रिल, गेट, जिने असली कामं. माणूस अबोल, पण मोजपट्टी हातात आली की डोळे चमकतात. तो म्हणाला, आपण ट्रेलर करू. पुढचे कित्येक आठवडे तो करत होता. दोन चाकं, लोखंडी अँगलचा सांगाडा, खाली जाड पत्रा, पुढे गाडीच्या हुकात अडकवायला लांब दांडा. सायकली उभ्या राहाव्यात म्हणून पुढच्या चाकांसाठी खाचा, आणि मधोमध एक आडवी दांडी, त्यांना बांधायला. मागे दोन लाल दिवे, इंडिकेटर, स्वतःची नंबरप्लेट. आरटीओचे सोपस्कारही त्याने निमूटपणे पार पाडले. तिथे प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न आला म्हणे: पण कशासाठी? त्याने प्रत्येक वेळी खरं उत्तर दिलं आणि प्रत्येक वेळी पुढची दोन माणसं ऐकायला आली.

रविवारी कारखाने बंद असताना इस्टेटच्या रिकाम्या रस्त्यावर त्याने आम्हाला सराव दिला. सरळ जाणं सोपं. रिव्हर्स घेणं म्हणजे डोकं उलटं लावून बसल्यासारखं, कारण ट्रेलर डावीकडे हवा असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, आणि तेही जरासंच. मी घेतला तर तो चाकू मिटावा तसा गाडीवर मिटला. बहिणीने घेतला तर एका बंद गेटसमोर आडवा झाला आणि आतला वॉचमन बाहेर आला. हसून हसून आमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवटी तिच्या नवऱ्याने किल्ली खिशात टाकली आणि जाहीर केलं की चालवणार तोच. आमची हरकत नव्हती.

आमच्या दोघींच्या बेताची बातमी आईला लागली ती अशी की ती माझ्याकडे राहते आणि मी फोनवर ओरडून बोलते. आई पंचाहत्तरी पार केलेली, चिपळूणकडची, कुठल्याही प्रवासाला नाही म्हणणं तिला जमत नाही. तिने एवढंच विचारलं की तंबूत पाट चालतो ना, खाली वाकून बसायला होत नाही. म्हणजे ती येणार होती. तिने आणखी एक सुचवून पाहिलं, की ट्रेलरमध्ये तिची खुर्ची नीट बांधून दिली तर ती मागे बसेल, वारा छान लागेल. धाकटा जावई एरवी तिच्या शब्दाबाहेर जात नाही. या वेळी तो म्हणाला, "आई, त्यात माणूस बसत नाही. कधीच नाही." इतक्या स्पष्टपणे तो आधी कधी बोलला नव्हता. आई खूश झाली, जावयाला मत आहे म्हणून.

थंडी सरत आली होती. शनिवारी सकाळी बहीण आणि तिचा नवरा ठाण्याहून ट्रेलर घेऊन डोंबिवलीत आले. त्यांच्या दोन सायकली, तंबू, चटया, गाद्यांच्या वळकट्या, सगळं त्याने रात्री वजनकाट्यावर मोजून मांडलं होतं. माझी सायकल तिसऱ्या खाचेत बसली. मग आईचं सामान खाली आलं. लोखंडी तवा, छोटा गॅस आणि शेगडी, कांदेबटाट्यांची पिशवी, पाट, नारळ, आणि बाहेरचं पाणी पोटाला बाधतं म्हणून पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे जार. पुढे जागाच उरली नव्हती. जावयाने क्षणभर ट्रेलरकडे पाहिलं, क्षणभर आईकडे पाहिलं, आणि सगळं मागच्या फळीला टेकवून ठेवलं. वरून ताडपत्री, तीवर जाळी, आणि सायकलींवरून दोन चपटे पट्टे करकचून ओढले. बिल्डिंगचे लोक गॅलरीत उभे होते. कुणीतरी वरून विचारलं की घर सोडताय का. आईने हात हलवून सांगितलं, नाही, फक्त झोपायला चाललोय.

पत्रीपुलापर्यंत ट्रॅफिक असल्यामुळे आम्ही बैलगाडीच्या वेगाने गेलो आणि काही जाणवलं नाही. शहाडच्या उड्डाणपुलावर रस्ता मोकळा मिळाला. चढ झाला, आणि उतारावर गाडीने जरा वेग घेतला तशी मागून कुणीतरी कंबर धरून हलवावं तशी ती हलायला लागली. आधी थोडी, मग जास्त. आरशात पाहिलं तर ट्रेलर डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, लग्नाच्या वरातीत नाचावा तसा. बहिणीने माझा हात पकडला. तिच्या नवऱ्याने ब्रेकवर पाय दिला नाही, स्टिअरिंगशी झटापटही केली नाही. दोन्ही हातांनी ते सरळ धरून ठेवलं आणि ॲक्सिलरेटर हळूहळू सोडला. वेग उतरला तसा ट्रेलर शहाणा झाला. आई म्हणाली, "बाई, हे कोकणातल्या घाटासारखं झालं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

थांबून बघायला हवं होतं, पण मुख्य रस्त्यावर मागे ट्रक भोंगे वाजवत होते. म्हणून त्याने डावीकडची पहिली गल्ली पकडली, पुढे रुंद जागा मिळेल या आशेवर. गल्ली पुढे अरुंद झाली, मग वळली, आणि वळण संपताच समोर मांडव. खरोखरचा, नवीन बांबूंचा, आंब्याची पानं लावलेला. कुणाच्या तरी घरी लग्न होतं. अंगणात बायका बसल्या होत्या, मध्ये एक म्हातारी आगरी बाई धवला म्हणत होती, म्हणजे त्यांच्या लग्नातली जुनी गाणी. आमच्या गाडीचं नाक मांडवाच्या खांबापासून वीतभर अंतरावर थांबलं. गाणंही थांबलं.

बहिणीच्या नवऱ्याने रिव्हर्स घेऊन पाहिला. वळणावर ट्रेलर लगेच मिटला आणि एका घराच्या ओट्याकडे तोंड करून बसला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. तिसऱ्या प्रयत्नाला अंगणातून सूचना यायला लागल्या, सगळ्या एकाच वेळी आणि सगळ्या उलटसुलट. शेवटी त्याने इंजिन बंद केलं आणि म्हणाला की ट्रेलर सोडवू, हाताने अंगणात नेऊन वळवू.

सोडवण्याआधी त्याने ट्रेलरच्या दोन्ही चाकांना पुढून मागून विटा लावल्या. साखळ्या काढल्या, दिव्याची वायर काढली. मग बहिणीला सांगितलं की दांडा घट्ट धर, मी हूक उघडतो, वजन तुझ्या हातावर येईल. तिने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली, पाय फाकवून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी दांडा धरला.

वजन हातावर आलं नाही. उलटंच झालं. हूक उघडताच दांडा वर निघाला, आणि त्याच्याबरोबर माझी बहीण. आधी तिच्या टाचा उचलल्या गेल्या, मग ती बोटांवर आली, आणि मग तिचे पाय जमिनीवर नव्हते. ट्रेलरची मागची कड धाडकन जमिनीवर टेकली, तिन्ही सायकलींची तोंडं आभाळाकडे झाली, आणि बहीण दांड्याला लटकून मंद झुलत राहिली. फार उंच नव्हे, पण मांडवातल्या सगळ्यांना दिसेल इतकी. तिने दांडा सोडला नाही, कारण सोडायला सांगितलं नव्हतं. ती हसत होती. तिला हसू आलं की हातातली ताकद जाते, हे मला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून मी धावले आणि तिचे पाय धरले, पण तोवर मलाही हसू फुटलं होतं आणि माझ्याही हातांत काही राहिलं नव्हतं. आम्ही दोघी एकीवर एक अशा खाली बसलो.

ट्रेलरच्या मागून पहिला कांदा घरंगळत आला. मग बटाटे. मग एक नारळ, सावकाश, मांडवाच्या दिशेने. धवला म्हणणाऱ्या म्हातारीने तो पायाने अडवला, उचलला आणि शुभशकुन म्हणून आपल्या मांडीशी ठेवून घेतला. तो आम्हाला परत मिळाला नाही, आणि आईने मागूही दिला नाही.

बहिणीचा नवरा उभ्या ट्रेलरकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "मी वजन मोजलं होतं. पण आईंच्या सामानाच्या आधी."

तेवढ्यावरून सगळ्यांच्या लक्षात आलं. चाकांच्या मागे जड सामान, म्हणून पुढचा दांडा हलका, आणि दांडा हलका म्हणून उतारावर मागची बाजू मनाला येईल तशी डुलत होती. पुलावर नुसता वेग कमी केला म्हणून निभावलं. हे समजल्यावर मी एकदा मागे पुलाच्या दिशेने पाहिलं. फार वेळ नाही, कारण बहीण अजून जमिनीवर बसून बटाटे गोळा करत हसत होती.

लग्नघरातली नवऱ्या मुलाची आत्या बाहेर आली. ठसठशीत बाई, कमरेवर हात. तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या मांडवात आलाव, आता च्या पिल्याबिगर जाव नका." आणि मागे वळून पुरुषमंडळींना हाका मारल्या.

पुढचा तासभर त्या लग्नघराने मांडवाचं काम बाजूला ठेवलं आणि आमचा ट्रेलर हातात घेतला. खुर्च्या सरकवून आमची गाडी अंगणाच्या कोपऱ्यात घेतली. चार दांडगे पुरुष दांड्याला लोंबकळले, ट्रेलर खाली आला, ढकलत अंगणात गेला आणि जागच्या जागी फिरून गल्लीकडे तोंड करून उभा राहिला. मग त्याच्या पुढच्या दांड्याखाली एक घडवंची सरकवली आणि सगळं सामान उतरवलं.

परत भरताना जावयाने कुणालाही हयगय करू दिली नाही. पाण्याचे जार, तवा, गॅस, सगळं जड ते चाकांच्या किंचित पुढे आणि अगदी तळाला. गॅसची टाकी उभीच, रेग्युलेटर काढून, झाकण लावून, कोपऱ्याला वेगळी बांधलेली. तंबू आणि वळकट्या मागे, कारण त्यांचं वजन काय, नावालाच. सायकली एकीचं तोंड पुढे, दुसरीचं मागे, म्हणजे हँडल हँडलला भिडत नाही. पेडल आणि फ्रेमच्या मध्ये घालायला आत्याबाईंनी जुन्या गोधडीचे तुकडे दिले. पाण्याच्या बाटल्या, पंप, बहिणीची पुढची बास्केट, सुटं म्हणून जे जे होतं ते काढून गाडीत ठेवलं. पुढची चाकंही बांधली, वाऱ्याने गरगर फिरू नयेत म्हणून. मग घडवंची काढून त्याने दांडा उचलून पाहिला, मला उचलायला लावला, बहिणीला लावला. उचलायला जड, पण उचलता येईल इतकाच जड. तसाच हवा होता, म्हणाला. बहीण म्हणाली की आता मजा नाही.

गाडी वळवून ट्रेलरपुढे आणली, हूक बसला, साखळ्या खालून एकमेकींना छेद देऊन लावल्या, वायर जोडली. मग दिवे तपासायचे होते. मी गाडीत बसून ब्रेक दाबला तर मागे उभं असलेलं अख्खं वऱ्हाड एका सुरात म्हणालं, लागली. डावा इंडिकेटर. लागला. उजवा. उजव्यावर थोडी चर्चा झाली, कारण माझ्या सायकलीचं चाक दिव्याच्या आड येत होतं. सायकल सरकवली, पुन्हा दाबलं, आणि या वेळचं 'लागला' इतकं दणदणीत झालं की शेजारच्या घरातले लोकही येऊन उभे राहिले. मला ते इतकं आवडलं की गरज नसताना मी आणखी एकदा ब्रेक दाबला.

चहा झाला, त्याबरोबर वड्याही झाल्या. आई तोवर धवला म्हणणाऱ्या म्हातारीशेजारी जाऊन बसली होती आणि दोघींचं सूत जमलं होतं. निघताना म्हातारीने पुन्हा गाणं धरलं, आणि त्यात कुठेतरी सायकलवाल्या बहिणी ओवल्या. शब्द मला नीट कळले नाहीत, पण बायका आमच्याकडे बघून तोंडाला पदर लावत होत्या. आईला कळलं होतं. तिने आम्हाला सांगितलं नाही.

म्हारळ मागे टाकून, उल्हास नदी ओलांडून आम्ही मुरबाडच्या दिशेने निघालो. ट्रेलर आता अगदी समजूतदारपणे मागून येत होता. थोडं पुढे गेल्यावर जावई मुद्दाम थांबला, पट्टे हाताने ओढून पाहिले, एक जरा सैल झाला होता तो आवळला. सुरुवातीला सामान बसतं, म्हणून एकदा तपासायचंच, म्हणाला.

मग गोवेलीच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि गाडीने वेग धरला तसा एक आवाज सुरू झाला. गुणगुणल्यासारखा, सलग, खोल. आधी मला वाटलं आईच काहीतरी म्हणतेय. आईला वाटलं रेडिओ लावलाय. बहिणीने कान देऊन ऐकलं आणि म्हणाली की हा षड्ज आहे. तिने चार वर्षं गाण्याचा क्लास केलेला आहे आणि तो वाया गेला असं तिच्या नवऱ्याचं मत आहे. तिने त्या सुरात सूर लावला. आईने लगेच त्यावर एक आरती धरली. वेग वाढला की सूर चढायचा, कमी झाला की उतरायचा, आणि आई त्याच्याबरोबर चढत उतरत होती. मी टाळ्या धरल्या. गाडीत एकच माणूस गप्प होता. त्याच्या कपाळावर आठ्या जमत होत्या, कारण त्याला वाटत होतं चाकाचं बेअरिंग गेलं.

त्याने गाडी बाजूला घेतली. आवाज बंद. उतरून दोन्ही चाकांना हात लावून पाहिला, गरम नव्हती. ट्रेलर हलवून पाहिला, कुठे खुळखुळ नाही. पुन्हा निघालो, पुन्हा षड्ज. पुन्हा थांबलो. या वेळी मी उतरले आणि सायकलींवरून ताणलेल्या चपट्या पट्ट्यावर सहज बोट मारलं. तो तंबोऱ्यासारखा वाजला. वाऱ्याने पट्टा थरथरत होता, बाकी काही नाही. जावयाने सुटकेचा इतका मोठा श्वास सोडला की आईने पाण्याची बाटली पुढे केली. त्याने पट्टा सोडून त्याला मध्ये एक पीळ दिला, परत आवळला, आणि पुढचा रस्ता शांततेत गेला. आई आणि बहीण दोघींनी त्याबद्दल नाराजी नोंदवली. अर्धी आरती राहिली होती.

शेतावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मालकांनी पडीक तुकडा दाखवला आणि विहीर दाखवली. पाणी गोड होतं. आईने ते प्यायलं, छान आहे म्हणाली, आणि आमच्या जारांकडे कुणीच पाहिलं नाही. तंबू उभा राहायला वेळ लागला, कारण आम्ही दोघी एकाच बाजूची दोरी ओढत होतो. पण सायकली एकही ओरखडा न पडता उतरल्या. जावयाने प्रत्येकीवरून हात फिरवला. तेवढ्या वेळापुरता तो जगातला सगळ्यात सुखी माणूस होता.

माझ्या सायकलीला मागे कॅरिअर आहे. आई त्याच्याकडे बराच वेळ बघत होती. मग तिने सांगितलं की लग्नाच्या आधी चिपळुणात तिच्या भावाने तिला एकदा असं मागे बसवून नेलं होतं, त्यानंतर कुणी नेलं नाही. हे तिने सहज सांगितलं, पाट पुसता पुसता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कॅरिअरवर वळकटी बांधली, आईला त्यावर एका बाजूला पाय करून बसवलं, आणि बहिणीने मागून तिला धरलं.

शेताबाहेरचा रस्ता सपाट होता, दोन्ही बाजूंना वाल, आणि लांबवर कुणी नाही. मी पेडल मारलं. सायकल दोनदा डुलली आणि मग चालायला लागली. आई इतकी हलकी आहे हे मला माहीत नव्हतं. बहीण बाजूने धावत होती, मग धावता धावता हसत होती, मग पोट धरून रस्त्याच्या कडेला बसली.

"ती कुठे गेली?" आईने विचारलं.

"बसली मागे."

"बसू दे. तू जरा जोरात घे."

मी जोरात घेतली. वारा आला, तिचा पदर माझ्या खांद्यावरून पुढे उडाला. वळणापर्यंत पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की आईला मागे घेऊन थांबायचं कसं हे मला येत नाही. मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, मग थांबू नकोस. पुढच्या वळणावर जावई स्वतःच्या सायकलीवरून धापा टाकत आला, बाजूने चालवत त्याने एका हाताने आमचं कॅरिअर धरलं, आणि आम्ही तिघं तसेच, हळूहळू, एका शेताच्या बांधाला टेकून उभे राहिलो.

आई उतरली. पदर सारखा केला. कंबर दोन्ही हातांनी जराशी दाबली आणि आम्ही आलो त्या रस्त्याकडे पाहून म्हणाली, "आता परत."